करवंटीचं भूत: सावईवेऱ्यातल्या हॅलोविनच्या नोंदी

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

पर्वरीहून भाचीचा फोन. दिवाळीची सुट्टी आजोळी काढायची आणि ३१ ऑक्टोबरला हॅलोविन इथेच करायचं, हे ठरवूनच तिनं फोन लावला होता; मला फक्त कळवलं. बिल्डिंगमधल्या चार मैत्रिणीही येणार. "मावशी, बाजारातलं प्लास्टिक नको. जंगलातलं हवं. गोंडस, पण थोडी भीती वाटेल असं."

पाठोपाठ मोबाइलवर अठरा फोटो. पाइनची बोंडं, ओकची फळं, मेपलची लाल पानं, बर्चच्या सालीत ठेवलेले दिवे, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी. सुंदर आहेत सगळे. यातली एकही वस्तू गोव्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मिळणार नाही.

दादाला फोटो दाखवले. म्हणाला, "आपल्याकडे माड, पोफळ, केळ, मिरी. यात काय भूत बसवायचं ते बसव."

एक काम मात्र आजच करून टाकलं, कारण त्याला तीन आठवडे लागतात. वाड्याच्या टोकाला पिंपळ आहे, त्याखाली पडलेली चाळीसेक पानं वेचून आणली. फाटलेली नाहीत, देठ शाबूत आहेत अशीच घेतली. पाण्याच्या बादलीत बुडवून वर पाटा ठेवला. पानाचा गर कुजला की शिरांची जाळी उरते. शाळेत आपण सगळ्यांनीच वहीत ठेवलेली असते ती.

आईनं बादली पाहिली. "मुंज्याला विचारलंस?" ती हे गमतीत म्हणते की खरंच, हे मला पंचेचाळीस वर्षांत कळलेलं नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

रात्री डोक्यात एक कल्पना आली आणि सकाळी आईनं ती मोडीत काढली.

चौथ होऊन महिना झाला. माटोळीची लाकडी चौकट धुऊन पडवीत टांगलेली आहे. मला वाटलं, रानातल्या वस्तू छताला टांगायची याहून चांगली सोय कुठली! गणपतीच्या डोक्यावर आपण हेच तर करतो: सुपारीचे घड, कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, रानातली कसली कसली फळं. गोव्यात याच्या स्पर्धा होतात, कला आणि संस्कृती खातं बक्षिसं देतं, शेकड्यांनी रानवस्तू बांधणारे लोक आहेत. म्हणजे रानातल्या वस्तूंची सजावट हा काही आम्हाला फोटो बघून शिकायचा विषय नव्हे.

आईला विचारलं. (आम्ही घरात बोलतो कोंकणी आणि लिहितो मराठी, त्यामुळे इथली संभाषणं बरीचशी मराठीत उतरलेली आहेत. पण हे वाक्य जसं आलं तसंच ठेवते.) "ती माटोळी. तिका हात लावूं नाका."

विषय संपला. दादानं बांबूच्या चार काठ्यांची चार फूट बाय तीन फूट अशी दुसरी चौकट करून दिली. बांधायला मात्र माटोळीचंच तंत्र वापरलं, म्हणजे केवणीच्या सालीचे दोर. ओली साल सोलून पट्ट्या काढायच्या आणि ओल्यानंच गाठ मारायची. सुकताना गाठ आवळत जाते. सुतळीची गाठ दमट हवेत ढिली पडते, ही पडत नाही. आणि या केवणीच्या शेंगा म्हणजेच मुरुडशेंगा. पिळवटलेल्या स्क्रूसारख्या त्या शेंगा पाहिल्यावर चेटकिणीच्या छडीसाठी वेगळं काही शोधायची गरज उरली नाही.

आईला त्या चौकटीबद्दल विचारलं. "ती बांबूची. तिला काय पाहिजे ते बांध."

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कोयता, करवत, ड्रिल मशीन, सगळ्यांना झेंडूची फुलं. आज अवजारांना सुट्टी.

५ ऑक्टोबर, रविवार

कुळागरात फेरी. दोन नियम ठरवले. पहिला, झाडावरचं तोडायचं नाही, पडलेलं घ्यायचं. दुसरा, घेऊ ते आपल्या कुळागरातलं किंवा वाड्यातलं. बोंडला इथून जवळ आहे आणि तिथे जमिनीवर काय काय पडलेलं असतं हे मला ठाऊक आहे. पण अभयारण्यातून शेंगसुद्धा उचलायची नसते, १९७२ चा वन्यजीव कायदा तसं सांगतो. भाचीला हे आधीच सांगून ठेवायला हवं. तिला दिसेल ते पिशवीत घालायची सवय आहे.

प्रत्येक ढिगाला आधी काठी लावायची. सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगात विंचू असतोच, आणि पाऊस सरताना फुरशी ऊन खायला कुठेही बसते.

टोपलीत आलं ते: पोफळीच्या पडलेल्या विऱ्या (पानांच्या देठाकडची रुंद आवरणं) सहा, माडाच्या दोन पोयी (फुलोऱ्यावरची आवरणं), होडीसारख्या, वाळून चिरलेल्या, नारळाच्या देठाकडच्या टोप्या पंधरा-वीस, हीर काढायला एक चुडत (झावळी), मुरुडशेंगा ओंजळभर, बांबूच्या पेरांवरून गळलेली लवदार आवरणं (यांची लव हाताला खुपते, फडक्यानं धरा), सोडणं हवी तेवढी.

आणि कवंडळं! कुंपणावरच्या वेलाखाली सहा पडलेली होती. लिंबाहून थोडी मोठी, लालभडक, अंगावर केशरी पट्टे. फोटोंतल्या छोट्या भोपळ्यांच्या जागी हीच बसणार. एक कापून पाहिलं: आत काळपट हिरवा लगदा आणि नाक मुरडावं असा वास. कडूजहर आणि विषारी. पोखरून दिवे करायचा बेत तिथेच सोडला. अख्खीच ठेवायची, वर काळ्या शाईनं चेहरे काढायचे, आणि पोरींच्या हाताला लागणार नाहीत इतकी उंच टांगायची. गुंजा पण दिसल्या, शेंगेतून डोळे वटारून बघत होत्या. घुबडाला याहून चांगले डोळे मिळाले नसते. तरी घेतल्या नाहीत. गुंजेला छिद्र पाडणं म्हणजे विषाचा डबा उघडणं.

आजची खरी कमाई गोठ्याच्या माळ्यावर सापडली. दादानं उन्हाळ्यात सरपण म्हणून टेटूचे वाळके देठ रचून ठेवले होते. टेटूचं पान म्हणजे एक पान नव्हे, हातभर लांब फाटे फुटलेला देठांचा सांगाडा असतो. पानं झडली की देठ सांध्यासांध्यांतून निखळतात आणि झाडाखाली हाडांचा ढीग पडल्यासारखे दिसतात. सांध्याशी गाठ फुगलेली, मधे बारीक, अगदी मांडीच्या हाडासारखी. इंग्रजीत या झाडाला मोडक्या हाडांचं झाड म्हणतात ते उगाच नाही. त्याचं आणखी एक इंग्रजी नाव आहे, 'मिडनाइट हॉरर'. फुलं रात्री उमलतात, वास उग्र, आणि परागीकरणाला वटवाघळं येतात. मी अठरा फोटोंमध्ये शोधत होते ते झाड पन्नास वर्षं आमच्या गोठ्यामागे उभं आहे. लहानपणी त्याच्या शेंगा आम्ही तलवारी म्हणून वापरल्या.

त्या शेंगाही माळ्यावर होत्या. आतल्या बिया अजून शाबूत: मधे चपटं बी आणि भोवती कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पंख. दोन बिया शेजारीशेजारी ठेवल्या की पतंग.

११ ऑक्टोबर, शनिवार

करवंट्यांचा दिवस.

नारळ सोलल्यावर जो तोंडवळा समोर येतो, दोन डोळे आणि एक तोंड, त्याकडे आपण रोज खोबरं किसताना बघतो आणि बघत नाही. पोर्तुगीज खलाशांनी बघितला. त्यांच्या भाषेत 'कोको' म्हणजे मुलांना घाबरवायचा बागुलबुवा, आणि या तीन भोकांच्या चेहऱ्यावरून त्यांनी फळालाच ते नाव दिलं. इंग्रजीतलं कोकोनट तिथूनच आलं. म्हणजे सगळं जग ज्याला बागुलबुवाचं फळ म्हणतं ते आमच्याकडे देवापुढे फोडतात. हे आज आईला सांगितलं. "पोर्तुगीजांना सगळीकडे भुतंच दिसायची," एवढंच म्हणाली.

कृती लिहून ठेवते, कारण तीन करवंट्या वाया गेल्यावर ती जमली.

नारळ सोलताना डोळ्यांवरची शेंडी ठेवायची, तेच भुताचे केस. तीन डोळ्यांपैकी एकच मऊ असतो, त्यातूनच कोंब येतो. तिथे खिळा घालून पाणी काढायचं. बाकी दोन दगडासारखे, तिथे ड्रिलच. डोळ्यांच्या उलट्या टोकाकडून एक तृतीयांश भाग हॅक्सॉच्या पात्यानं कापायचा. आतलं खोबरं सुरीनं काढायला गेले आणि दोन करवंट्या तडकल्या. घाई न करता उन्हात ठेवलं की दोन दिवसांत खोबरं आकसून स्वतःच सुटतं. मग बाहेरून आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १२०, शेवटी २२०. नाकाला फडकं बांधूनच. करवंटीची भुकटी घशात गेली की रात्रभर खोकला. दोन डोळे ६ मिलिमीटरच्या बिटानं मोठे केले. तोंडाचं भोक कानशीनं लांबवलं. शेवटी खोबरेल तेलाचा हात. काळपट तपकिरी करवंटी तेल पिऊन अशी चमकली की भुतापेक्षा फर्निचर वाटायला लागली.

आत मेणबत्ती नाही, बॅटरीवरचा छोटा दिवा. शेंडी, विरी, पेंढा, सगळं ठणठणीत वाळकं; एक ठिणगी पुरे.

नऊ करायच्या आहेत. आज झाल्या चार.

१२ ऑक्टोबर, रविवार

घुबडं तीन. अख्खी करवंटी पोट, अर्धी डोकं. पिसांसाठी विरी अर्धा तास पाण्यात भिजवली, पाट्याखाली सपाट केली आणि तीन-तीन सेंटिमीटरच्या अर्धगोल पाकळ्या कापल्या. आधी वरून चिकटवायला घेतल्या, घुबड विस्कटलेल्या कोंबडीसारखं दिसू लागलं. दादा जाताजाता म्हणाला, "कौलं कशी शाकारतात? खालून वर." तसं केल्यावर बसलं. डोळ्यांना सुपारीच्या चकत्या. अडकित्त्यानं आडवी कापलेली सुपारी म्हणजे पांढऱ्यावर तपकिरी रेषांची नक्षी. प्रत्येक चकती वेगळी, त्यामुळे प्रत्येक घुबडाची नजर वेगळी. एक जरा तिरळं झालं आहे. ते मला सगळ्यात आवडतं.

चिकटवायला तांदळाच्या पिठाची खळ. सगळं नैसर्गिक, असा बाणा!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रात्रीत झुरळांनी खळ खाल्ली. दोन घुबडं गळाठली, एकाची पाठ उघडी. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण मुलांच्या हातात जाणाऱ्या वस्तूला मोरचूद नको. फेव्हिकॉल आणला. बाणा संपला.

१९ ऑक्टोबर, रविवार

भाची काल आली. आल्या आल्या बादलीत नाक घातलं आणि पळाली. बावीस दिवस कुजलेल्या पानांचा वास तसाच असतो. मी बसले टूथब्रश घेऊन. थाळीत थोडं पाणी, त्यात पान पसरायचं, मऊ ब्रशनं देठाकडून टोकाकडे हलकेच थोपटायचं, घासायचं नाही. हिरवा-काळा गर सुटत जातो आणि खाली जाळी दिसायला लागते. शेवटचा गर सुटतो तो क्षण पाहण्यासारखा आहे: पाण्यात काहीच नाही असं वाटतं, आणि थाळी हलवली की एक अख्खं पान हलतं. चाळीसातली सव्वीस वाचली. टिपकागदात दाबून सुकवली.

पिंपळपानाच्या जाळीचं आपोआप भूत होतं. देठ वर धरला की खांदे, निमुळतं शेपूट खाली. डोळ्यांसाठी दोन मोहऱ्या. बस. वारा नसला तरी हलतात. ही चौकटीच्या मधोमध टांगायची, आणि भोवती टेटूच्या बियांचे पतंग.

दुपारी एक प्रसंग झाला. भाचीनं पडवीच्या कोपऱ्यात सोडणं रचून एक माणूस उभा केला. अंगावर दादाची जुनी कांबळ, हातात काठी, पायाशी वहाणा. "फॉरेस्ट मॅन आहे, आजी. स्पूकी." आई उठली, काठी काढून घेतली, वहाणा उचलून आत ठेवल्या, कांबळीची घडी केली. "भूत कर, चेटकीण कर. देवचाराचो खेळ करूं नाका."

पोरीला कुठून ठाऊक असणार! कांबळ, काठी आणि वहाणा एवढ्यावर आमच्याकडे तो ओळखला जातो. गावाच्या शिवेवरचा राखणदार, रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणारा. आईनं तिला जवळ बसवून, तिचे आजोबा एकदा पावसात उशिरा परतले तेव्हा पुढे कंदिलासारखा उजेड कसा चालत होता, ते सांगितलं. मी ही गोष्ट शंभरदा ऐकली आहे, तरी थांबून ऐकली. भाचीनं अठरा फोटो पाहताना केला नसेल असा चेहरा केला.

मग त्याच सोडणांची चेटकीण झाली. केस काथ्याचे, टोपी पोयीची, हातात हिरांची केरसुणी. केरसुणी जुनी घ्यायची, नवी परवाच्या लक्ष्मीपूजनाची, हेही आईनंच बजावलं.

रात्री वाड्यातल्या मुलांचा नरकासुर बघायला गेलो. पंधरा-सोळा फुटांचा, बाहेर आलेले सुळे, पोटात पेंढा, आणि कानठळ्या बसवणारं संगीत. भाचीचा रास्त प्रश्न: एवढा मोठा राक्षस आपल्याकडे असताना हॅलोविन कशाला? दादा म्हणाला, "ह्याला पहाटे जाळतात. त्यांना चॉकलेट देतात."

२० ऑक्टोबर, सोमवार

नरकचतुर्दशी. तुळशीपुढे पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडलं, जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. मग पोहे पाच तऱ्हेचे.

नऊ वाजता मी नरकासुराच्या राखेतून तारा वेचत होते. बघणारे हसले. पण सांगाड्यासाठी मी बाजारातून आणलेली तार फार ताठ होती, टेटूच्या देठातून ओवताना देठच चिरत होते. आगीत लाल होऊन हळूहळू निवलेली तार मऊ पडते, बोटानं वळते. सहा चांगले तुकडे मिळाले. संध्याकाळपर्यंत सांगाडा उभा: फासळ्या बारीक देठांच्या, मांड्या जाड देठांच्या, बोटं हिरांची, डोकं करवंटीचं. उंची अडीच फूट. गुडघा वाकतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

पाऊस. गेला म्हणून आम्ही पागोळ्यांचे पत्रेसुद्धा काढले होते. कालपासून झड धरली आहे.

सगळं सामान पडवीत होतं. सकाळी पाहिलं तर घुबडांना पांढरी लव आली आहे. दुपारी तीच हिरवी. विरीची पिसं कडा वळवून उभी राहिली. करवंट्यांच्या आतल्या बाजूला, जिथे खोबऱ्याचा अंश राहिला होता, तिथे काळे ठिपके. तेल लावलेली बाहेरची बाजू मात्र स्वच्छ. पिंपळपानांना काही झालं नाही, कारण बुरशीला खायला त्यांच्यात उरलंय काय!

भाची म्हणाली, "मावशी, हे खरंच हॉन्टेड दिसतंय." मला त्या वेळी हसू आलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या आंटीनं तोड सांगितली. त्यांच्याकडे माडाच्या सुरेचा व्हिनेगर असतो, सोरपोतेलासाठी वर्षभर ठेवलेला. त्यातली अर्धी बाटली दिली. फडकं बुडवून बुरशी पुसली. घरभर लोणच्याचा वास.

पुसल्यावर वाळवायचं कुठे? ऊन नाही. शेवटी न्हाणीत, भाणाच्या चुलीवर दोन बांबू आडवे टाकून सगळं टांगलं. सकाळ-संध्याकाळ पाणी तापतं, धूर वर जातो. आमसुलं आणि मासे पावसाळ्यात असेच टिकवत आले लोक. दोन दिवसांत घुबडं कोरडी खडखडीत, वर धुराचा हलका करडा रंग चढला. आधी ती नवी आणि शहाणी दिसत होती. आता म्हातारी आणि रानातली दिसतात. मुद्दाम केलं असतं तर जमलं नसतं.

आंटींना विचारलं, तुम्ही करता का हॅलोविन? नाही म्हणाल्या. त्यांचं २ नोव्हेंबर, सर्व मृतात्म्यांचा दिवस; दफनभूमीत जाऊन फुलं आणि मेणबत्त्या. "आमची माणसं आहेत ती, त्यांना कोण भितो?"

२९ ऑक्टोबर, बुधवार

मांडणी. चौकट पडवीत टांगली. मधे पानांची भुतं, कडेला कवंडळं आणि मुरुडशेंगा, कोपऱ्यांत पोयीची काळी वटवाघळं (कोळशाची पूड फेव्हिकॉलात कालवून).

अळंबी टोप्यांची केली, खाली विरीच्या गुंडाळीचे दांडे. लाल रंग भाचीला हवा होता. मी म्हटलं, आपल्याकडे रोयणीवर (वारुळावर) उगवतात ती अळंबी अशी मातकट, टोकदारच असतात. तडजोड निघाली ती म्हादईच्या रानातली: पावसाळी रात्री कुजक्या लाकडावर मंद हिरवी उजळणारी अळंबी तिथे दिसतात, मायसीना जातीची. टोप्यांना अंधारात चमकणारा रंग लावला. दुकानदार त्याला रेडियम म्हणतो, त्यात रेडियम नसतं. दिवसा बेढब पांढरा दिसतो. रात्रीवर भरवसा ठेवलाय.

जाळं हिरांचं, आठ आऱ्यांचं, काथ्यानं विणलेलं, तीन फूट. ते दोन पोफळींच्या मधे बांधायला गेलो तर जागा आधीच गेलेली. तळहाताएवढी काळी-पिवळी कोळीण, सोनेरी झाक असलेल्या जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली. वरच्या कडेला तिचा नर, तिच्या पोटाच्या टोकाएवढासुद्धा नाही. पाऊस सरला की कुळागरात या असतातच, पण कधी एवढ्या जवळून बघितली नव्हती: पायांच्या सांध्यांशी पिवळे ठिपके, आणि एक पाय सतत धाग्यावर, कोणी दारावर थाप मारतंय का ऐकत असल्यासारखा. आमचं जाळं तिच्या खाली बांधलं. शेजारी ठेवल्यावर आमचं किती ओबडधोबड ते कळलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

भोपळा. फोंड्याच्या बाजारातून साडेचार किलोचा. (आमच्याकडे दुधी मागितला की तांबडा भोपळा देतात. पुण्याची मावसबहीण एकदा दुधी हलव्याच्या तयारीनं पिशवी घेऊन गेली होती.) फोटोंतला भोपळा बाहेरून केशरी असतो, आमचा हिरवट तपकिरी, बसकट. सुरी उचलली तर आई: "पहिला घाव दादाला घालू दे." बायकांनी अख्खा भोपळा फोडायचा नाही. मी वाद घालणार होते. मग आठवलं की ही साल मनगट मोडेल इतकी जाड असते, आणि दादाला बोलावलं.

दादानं कोयत्यानं झाकण उडवलं. पुढचं माझं. इथे एक युक्ती सापडली: आरपार कापायच्या ऐवजी डोळ्याभोवतीची नुसती साल तासायची. आतला दिवा लावला की तासलेला भाग केशरी उजळतो, साल काळी राहते. आयर्लंड-स्कॉटलंडकडे आधी सलगम पोखरून असे चेहरे करायचे, भोपळा त्यांना अमेरिकेत गेल्यावर मिळाला. कोरायला सोपा म्हणून तोच टिकला. सलगमापेक्षा सोपा असेल. करवंटीपेक्षा नक्कीच आहे.

थंड देशांत भोपळा आठवडाभर टिकतो, इथे दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, म्हणून शेवटच्या क्षणी. गराचं खतखतं, बिया भाजून डब्यात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चौघी पाचला आल्या. सातला दिवे घालवले.

काय चाललं आणि काय नाही ते लिहिते. सांगाड्याला कोणी घाबरलं नाही, त्याच्याशी हस्तांदोलन झालं आणि एक हात निखळला. अळंबी चमकली, पण वीसच मिनिटं. चेटकीण ठीक. भोपळ्याचे फोटो सगळ्यात जास्त निघाले. घाबरवलं ते पिंपळपानांनी. एकीनं टॉर्च खालून वर धरला आणि छतावर शिरांच्या सावल्या पसरल्या, फूटफूटभर, हलणाऱ्या. सगळ्या एकदम गप्प.

त्याच वेळी वाऱ्याबरोबर सातवीणीचा वास आला. सध्या ती फुलली आहे. इंग्रजीत तिला सैतानाचं झाड म्हणतात, आणि तिच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या व्हायच्या, मुलांना अभ्यासाला. पाचही पोरींना दोन्ही गोष्टी सांगितल्या. पाट्यांची जास्त भयानक वाटली.

मग करवंट्यांचे नऊ दिवे पाटाच्या कडेनं, शेंड्या हलताहेत, तीन भोकांतून उजेड. आई खुर्चीत बसून बघत होती. "हा कोको," भाचीनं मैत्रिणींना सांगितलं, "पोर्तुगीज लोक याला भ्यायचे." आणि आईकडे वळून, "आजी त्याची चटणी करते."

२ नोव्हेंबर, रविवार

आज तुळशीचं लग्न. अंगण मोकळं करायचं म्हणून सगळं उतरवलं. भोपळा परवाच खतात गेला, कवंडळं आज खड्ड्यात पुरली. घुबडं पर्वरीला चालली, तिरळं सोडून. सांगाडा दादानं मागून घेतला, कशाला ते सांगत नाही.

उरलेल्या अकरा पिंपळपानांच्या मोहऱ्या काढून आईनं ती तुळशीच्या मंडपाला लावली, दिंड्याच्या काठीशेजारी. मी काही विचारलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगाडा वरच्या बांधावर, केळींपाशी उभा आहे, दोन करवंट्या शेजारी काठ्यांवर. खेती (माकडं) केळफुलंसुद्धा ठेवत नाहीत, त्यांना भ्यायला म्हणून. पहिले दोन दिवस कळप खरोखर लांब राहिला. दादा जेवताना रोज त्याबद्दल बोलत होता.

आज सकाळी बघितलं. एक जाडजूड खेतं सांगाड्याच्या खांद्यावर बसून त्याचं डोकं उपसून मांडीत घेऊन बसलं होतं, आणि डोळ्याच्या भोकात बोट घालून आत राहिलेलं खोबरं खरवडत होतं.